नाव देणारे भेटतात, नावेमागच्या माणसाचं काय?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, नवी मुंबईची अख्खी पश्चिम कड खाडीने धरली आहे, तरी इथे रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी नाव पळवण्याचा खेळ, का रुजत नाही, असं अधूनमधून विचारलं जातं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, नावा नाहीत. मग कुणीतरी नाव देतं, नारळ फुटतो, फोटो छापून येतो आणि दोन पावसाळ्यांनंतर तीच नाव ताडपत्रीखाली एका कुशीवर कललेली सापडते. धर्मादाय संस्थांमधून मुलांना रोइंग शिकवण्याचं काम आम्ही जवळून जाणतो. त्यावरून सांगतो, नाव मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. स्पर्धेतून बाहेर पडलेला एक चांगला वल्हेकरी पूर्ण पगारावर वर्षानुवर्षं टिकवणं अवघड, आणि नेमके तिथेच दात्यांचे हात आखडतात.

दत्तू भोकनळचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये, म्हणजे दोन्ही हातांत एकेक वल्हं घेऊन एकट्याने चालवायच्या नावेत, १३वा आला आणि २०१८मध्ये जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या स्कलमध्ये सुवर्ण घेऊन आला. गाव पाण्यासाठी तरसणारं. वल्हं हातात आलं ते सैन्यात गेल्यावर. सैन्याकडे रोज सकाळी पाण्यावर उभा राहणारा प्रशिक्षक होता, दुरुस्तीचं शेड होतं, आधीच्या पिढीचे वल्हेकरी होते. आपल्याकडे पाणी आहे आणि बाकीचं नाही.

‘सकाळी दोन तास शिकवणार, त्याला महिन्याचा पूर्ण पगार कशाला?’ हा प्रश्न कंपन्यांच्या बैठकीत हमखास येतो. म्हणून त्या माणसाचं काम थोडं उलगडून सांगतो.

खाडीवर त्याचं पहिलं काम पंचांग बघण्याचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे-मागे. खाडीत ठाण्याकडे आत जावं तशी ती आणखी थोडी उशिरा पोचते, पण ढोबळ आखणीला हा हिशेब पुरतो. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात बघायची. आता सकाळी सहा ते साडेसात अशी शाळेआधीची बॅच घ्या. पुरेसं पाणी मिळतं ते सप्तमी ते एकादशी, म्हणजे पंधरवड्यातले पाच दिवस. सुदैवाने हे दिवस भांगाचे, पाण्याला ओढ कमी. नवशिक्यांसाठी याहून चांगलं पाणी नाही. याच्या उलट पौर्णिमेला सकाळी सहाला सुकती असते. जेट्टी आणि पाणी यांच्या मध्ये गुडघाभर चिखल, आणि त्यातून १३ मीटरची चौघांची नाव खांद्यावर नेता येत नाही. नेली तरी उधाणाच्या ओहोटीत नवशिका जेवढा वल्हवतो त्यापेक्षा जास्त वाहून जातो. म्हणून पहिला नियम असा, की जाताना प्रवाहाविरुद्ध जायचं आणि येताना प्रवाहाबरोबर यायचं, म्हणजे दमलेल्या हातांना घर जवळ येतं. ‘रोज सकाळी सहा ते साडेसात, सोमवारी सुट्टी’ अशी पाटी खाडीकाठी लावणाऱ्या संस्थेला तिसऱ्या आठवड्यातच पालकांचे फोन सुरू होतात. महिन्याचं वेळापत्रक तिथीप्रमाणे आखायचं, उरलेल्या दिवशी तलाव किंवा अर्गो मशीन (जमिनीवर वल्हवण्याचा सराव करायचं यंत्र) ठेवायचं आणि ते पालकांना आधी कळवायचं. हे काम कारकुनाला जमत नाही.

तलावांबद्दल एक गैरसमज आहे. स्पर्धेचा मार्ग २००० मीटरचा आणि प्रत्येक लेन साधारण साडेतेरा मीटर रुंद. असं सरळ पाणी ठाण्याच्या एकाही तलावात नाही, म्हणून तलाव निरुपयोगी, असं म्हणून विषय संपवला जातो. पहिल्या सहा महिन्यांत मुलाला दोनशे-अडीचशे मीटर जाऊन वळायचं असतं, बस. मासुंद्यावर गर्दी फार आणि पॅडलच्या होड्यांची वर्दळ. उपवनसारखं पाणी पहाटे मिळालं तर पुष्कळ झालं. नवी मुंबईत सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला केलेले धारण तलाव आहेत, तिथे अडचण गाळाची. नावेच्या पोटाखाली मागच्या टोकाकडे छोटा पंख असतो, त्याला फिन म्हणतात, त्यावर नाव सरळ राहते. गाळात किंवा दगडाला लागून हा पंख निघाला की नाव भोवऱ्यासारखी फिरायला लागते. म्हणून पावसाळा संपला की बांबूला पाव-पाव मीटरच्या खुणा करून तलावाचा तळ चाचपावा लागतो आणि दीड मीटरपेक्षा कमी पाणी असलेल्या जागी तरंगते डबे बांधावे लागतात. खाडीत कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट असतात. ते कुठे आहेत हे त्यांनाच विचारायचं. त्यांच्या पाण्यात आपण पाहुणे आहोत हे विसरलं की पुढचं सगळं अवघड होतं. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२पासून रामसर स्थळ आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे लाँच, म्हणजे प्रशिक्षकाची मोटारबोट, न्यायची नाही आणि हिवाळ्यात पक्षी बसलेल्या दलदलीच्या आसपासही फिरकायचं नाही.

शिकवणं बाहेरून फार सोपं दिसतं. एकेरी स्कल आठ मीटरच्या आसपास लांब आणि पाण्याच्या रेषेला जेमतेम सव्वा वीत रुंद. ती उभी राहते ती पाण्यावर आडव्या टेकलेल्या दोन वल्ह्यांमुळे, प्रत्येक वल्हं साधारण दोन मीटर ८५ सेंटीमीटर. हँडल हातातून सुटली की नाव उलटलीच. म्हणून पहिल्या दिवशी वल्हवायचं नसतं. नावेचं टोक दोरीने धक्क्याला बांधायचं, मुलाने दोन्ही हँडल पोटाजवळ एकत्र धरून बसायचं, पाती पाण्यावर सपाट. मग एक हात दोन बोटं वर उचलायचा, नाव कुठे कलते ते बघायचं आणि हात परत जागेवर आणायचा. वीसेक वेळा हे केलं की शरीराला कळतं की तोल हातांत आहे, कंबरेत नाही. दुसऱ्या दिवशी पात फिरवणं. मनगट ताठ ठेवून हँडल बोटांत लोळवायचं, अंगठा हँडलच्या टोकावर, बाहेरच्या बाजूला हलका दाब. मनगट वाकवून पात फिरवायची सवय लागली तर महिन्याभरात हाताच्या वरच्या बाजूला सूज येते आणि सवय मोडायला वर्ष जातं.

ओढताना आधी पाय, मग पाठ, मग हात. परतताना आधी हात, मग पाठ, मग पाय. हे पाठ सगळ्यांना होतं. चूक होते ती परतीच्या घाईत. एकेरी नावेचं नियमानुसार कमीत कमी वजन १४ किलो. पन्नास किलोचा मुलगा चाकांवरच्या सीटसकट झपकन पुढे घसरून टोकाला थांबला की त्याचा सगळा धक्का पायाच्या फळीवर बसतो आणि चालती नाव अडते. काठावरच्या माणसाला वाटतं, पोरगा काय जोरात करतोय. ज्याने स्वतः वर्षानुवर्षं वल्हवलं आहे त्याला नावेच्या पोटाखालच्या पाण्याचा आवाज अडखळलेला ऐकू येतो. तो सांगतो, मिनिटाला अठरा-वीस स्ट्रोक, एक भाग ओढ आणि दोन भाग परत, आणि परतताना नाव तुझ्याकडे चालत येऊ दे.

आणखी एक बारीक गोष्ट. डावा हात उजव्याच्या वरून जातो, म्हणून डाव्या हाताच्या बाजूचं गेट, म्हणजे वल्हं बसतं तो कुलुपासारखा भाग, सुमारे एक सेंटीमीटर वर ठेवलेलं असतं. नाव उतरवताना कुणी उंची राखणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या काढून दुसऱ्या बाजूला लावल्या की डाव्या हाताची नखं उजव्या हाताच्या मागच्या बाजूला ओरखडे काढतात. हौशी स्वयंसेवक तिथे पट्टी लावतो. जुना वल्हेकरी हाताकडे एकदा बघून चकत्या मोजायला जातो. पायाची फळीही अशीच. ओढ संपताना दोन्ही अंगठे बरगड्यांना जेमतेम घासले पाहिजेत. हँडल पोटात रुतत असतील किंवा अंगठे हवेतच राहत असतील तर फळी एक-दोन खाचा हलवायची. बारा वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या मुलाला एकाच मापावर बसवून ‘याला जमत नाही’ असा शेरा मारलेला पाहिला की वाईट वाटतं.

पाण्यावरून आल्यावर खरं काम सुरू होतं. खाडीचं पाणी खारं, रिगर, म्हणजे वल्हं पेलणारे नावेबाहेरचे दांडे, ॲल्युमिनियमचे, बोल्ट स्टीलचे. या दोन धातूंमध्ये मीठ बसलं की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं आणि दोन महिन्यांत नट असा जाम होतो की करवत लावावी लागते. उपाय साधा आहे. रोज गोड्या पाण्याने नाव, रिगर, सीटची चाकं आणि त्यांचे रूळ धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे आणि महिन्यातून एकदा बोल्ट काढून पाना चालेल एवढं ग्रीस लावून परत बसवायचे. हातात १० आणि १३चे पाने असले की बहुतेक नावांचं भागतं. नट आवळताना दोन बोटांची ताकद पुरे, कारण जास्त जोर लावला की बोल्टभोवतीचा साचा तडकतो. नाव ठेवताना हवाबंद कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात आतली हवा फुगते आणि सांधे उकलतात. पाण्यात नेताना तीच झाकणं घट्ट बंद. उलटलेली नाव या कप्प्यांमुळेच तरंगते आणि मुलाला धरायला राहते. एक झाकण उघडं राहिलं तर नाव टोकावर उभी राहून हळूहळू भरते.

खाडीतल्या खांबांवर कालवं असतात. त्यांना नाव घासली की पातळ सालीला चीर पडते. कवचाच्या दोन पातळ सालींमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. चिरेतून पाणी आत शिरलं की नाव दरवेळी थोडी जड होत जाते आणि कुणाला कळत नाही. म्हणून आधी पूर्ण वाळवायची, मग एपॉक्सीने आणि काचकापडाने बुजवायची. बाजारात स्वस्तात मिळणारं पॉलिएस्टर रेझिन जुन्या एपॉक्सीला धरत नाही. आज लावलं की पुढच्या महिन्यात खपलीसारखं निघतं. हे ज्याला माहीत नाही तो दोन वेळा पैसे घालवतो.

सुरक्षेत तडजोड नाही. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक मुलाला पोहता आलं पाहिजे, कपड्यांसकट किमान पन्नास मीटर, आणि तरण तलावात एकदा नाव मुद्दाम उलटवून बाहेर पडण्याचा सराव झाला पाहिजे. बुटांची टाच दोरीने फळीला बांधलेली असते, ती दोन-तीन बोटांपेक्षा जास्त उचलता येऊ नये, आणि दोन्ही बूट एका दोरीच्या ओढीत सुटले पाहिजेत. रोज सकाळी प्रत्येक नावेची ही ओढ तपासायची. नावेच्या टोकावरचा पांढरा रबरी गोळा शोभेचा नाही, टक्कर झालीच तर टोक दुसऱ्याच्या पाठीत घुसू नये म्हणून तो असतो. तो हरवला की ती नाव त्या दिवशी धक्क्यालाच. उलटलेल्या मुलाने नाव सोडून काठाकडे पोहायचं नाही, नावेला धरून राहायचं, लाँच त्याच्याकडे जाते. एका लाँचमागे सहापेक्षा जास्त नवशिक्या एकेरी नावा आम्हाला मान्य नाहीत. गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे बघायचंही नाही. पावसाळ्यात हाताला फोड फुटलेला असेल तर त्या मुलाने पाण्याला हात लावू नये, कारण लेप्टो अशाच जखमेतून शिरतो.

हे सगळं माजी खेळाडूला आपोआप येतं, असं मात्र समजू नये. चांगल्या वल्हेकऱ्याला स्वतःच्या उत्तम दिवसांसारखं सगळ्यांना पळवायची खोड असते. अर्गो मशीनचा डँपर, म्हणजे ओढ जड-हलकी करणारी कळ, दहावर लावून द्यायचा, दर आठवड्याला २००० मीटरची चाचणी घ्यायची आणि कोण मागे पडतो ते फळ्यावर लिहायचं, हे हमखास दिसतं. डँपर दहावर म्हणजे मेहनत दुप्पट, हा समज चुकीचा. दहावर फक्त प्रत्येक ओढ जड होते आणि कोवळी कंबर आधी बोलायला लागते. मुलांना तीन-चारवर ठेवावं आणि कसोटी दीड-दोन महिन्यांतून एकदा घ्यावी. कंबरेची दुखणी आणि बरगडीला बारीक तडा जाणं ही या खेळाची ओळखीची इजा आहे. दुसरी खोड बोलण्याची. लाँचमधून भोंग्यावर सहा चुका एका दमात सांगितल्या की मुलगा सातवी करतो. एका फेरीला एकच सुधारणा सांगायची, आणि तिच्यावरच थांबायचं. म्हणून नोकरीवर घेतल्यावर पहिले तीन महिने त्याला शिकवण्याचं, प्रथमोपचाराचं आणि लाँच चालवण्याचं प्रशिक्षण द्यायला हवं. बुडालेल्याला छातीवर दाब देण्याआधी श्वास द्यायचा असतो, हेही त्यातच येतं. मुलांशी वागण्याचे लेखी नियम हवेत. आणि एक गोष्ट कुठल्याच अर्जात नसते. कपडे बदलायला बंद खोली आणि पाणी असलेला संडास नसेल तर मुली दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत, प्रशिक्षक कितीही चांगला असो.

आता पैशांबद्दल. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ते योग्यच आहे. पण त्यातून मिळते ती बहुधा टेबलाची नोकरी, आणि वल्हेकरी पाण्यापासून कायमचा दूर जातो. ज्यांना ती मिळत नाही ते सकाळी मानधनावर शिकवतात आणि दुपारी गाडी चालवतात. असा माणूस दोन वर्षांत सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर प्रत्येक नावेचं माप, प्रत्येक मुलाची खोड, कुठल्या तिथीला कुठे चिखल हे सगळं जातं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून यात पैसे घालू शकतात. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा थेट उल्लेख आहे. ‘आम्ही पगार देत नाही, वस्तू देतो’ असं सांगितलं जातं आणि कारण दिलं जातं प्रशासकीय खर्चाच्या पाच टक्के मर्यादेचं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासनासाठी आहे. प्रकल्प राबवण्यावर थेट होणारा खर्च तिच्यात मोजला जात नाही, आणि नावेत मुलांना शिकवणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्प राबवण्याचाच खर्च आहे. हिशेबनीसाने नियम उघडून पाहावेत.

चोवीस मुलांच्या केंद्राला सुरुवातीला लागतं ते फार नाही. एक चौघांची नाव, दोन दुहेरी, दोन रुंद पोटाच्या शिकाऊ एकेरी, म्हणजे एका वेळी दहा मुलं पाण्यावर. वल्ह्यांच्या दहा जोड्या आणि एक राखीव. चार अर्गो मशीन, त्यांचा रूळ रोज पुसलेला आणि साखळीला पन्नास तासांच्या वापरानंतर तेल. एक लाँच, फेकायची दोरी आणि लाँचमध्ये एका नावेतल्या सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट. १५ मीटर लांबीचं, दोन्ही बाजूंनी वारं खेळेल असं शेड. खाडीवरच काम करायचं असेल तर सागरी रोइंगच्या रुंद नावांचा विचार जरूर व्हावा. तिथली एकेरी ६ मीटरची आणि किमान ३५ किलोची, लाटेला न डगमगणारी आणि आत आलेलं पाणी आपोआप बाहेर टाकणारी असते. लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकमधून कमी वजनाच्या गटाची शर्यत गेली आणि किनाऱ्यावरून धावत जाऊन नावेत बसायची सागरी शर्यत आली. पुरुष एकेरी, महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी अशा तीन स्पर्धा तिच्यात आहेत. आपल्या चिखलाच्या काठावर तिचा सराव होणार नाही, पण उरणची पिरवाडी काही लांब नाही.

पाच वर्षांचा पगार लेखी द्या, नाव तिसऱ्या वर्षी दिली तरी चालेल. आणि नाव आधीच द्यायची असेल तर तिच्यासोबत पान्यांचा जोड, चकत्यांची पिशवी, दोन जादा फिन आणि एक किलो एपॉक्सी द्या. फोटोत ते दिसणार नाही.

ता. क. – आपल्या दैनिकासह बऱ्याच ठिकाणी रोइंगच्या बातमीला कायाकचं छायाचित्र लागतं. ओळखायची खूण सोपी आहे. कायाकवाला जिकडे जातो तिकडे तोंड करून बसतो आणि त्याचं वल्हं नावेला जोडलेलं नसतं. रोइंगमधला खेळाडू पाठमोरा जातो.

आपले,
नौकानयन प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक,
ठाणे आणि ऐरोली